वाचकांचे प्रश्न : ओढीचा जुना ग्रेडर आणि पाणंदीचा मुरूम

पाणंद रस्त्यांविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना या अंकात उत्तरे देत आहोत. पहिल्या दोन पत्रांत ट्रॅक्टरमागे ओढून रस्ता सारखा करायच्या जुन्या ग्रेडरचा प्रश्न आहे, म्हणून त्यांना अधिक जागा दिली आहे.

प्रश्न : आमच्या शिवारातील पाणंद सुमारे एक किलोमीटर लांब आणि तीन मीटर रुंद आहे. दोन वर्षांपूर्वी आम्ही शेतकऱ्यांनी वर्गणी काढून एका ठेकेदाराकडून मुरूम टाकून घेतला. त्याने ढीग ओतले, जेसीबीने पसरले आणि तो निघून गेला. पुढच्याच पावसाळ्यात पुन्हा गुडघाभर चाकोऱ्या पडल्या. आता कोल्हापुरातील एका भंगार व्यापाऱ्याच्या आवारात चार लोखंडी चाकांचा, मधोमध आठ फुटी पाते असलेला आणि मागे उभे राहून हातचाके फिरवायचा एक जुना ग्रेडर पडून आहे. आमच्याकडे ५० अश्वशक्तीचा ट्रॅक्टर आहे. तो ग्रेडर घ्यावा का, आणि घेतल्यास कसा वापरावा?
— एक ऊस उत्पादक, करवीर तालुका

उत्तर : ग्रेडरचा सांगाडा सरळ असेल आणि तो भंगाराच्या भावाने किंवा त्याहून थोड्याच जास्त किमतीत मिळत असेल, तर अवश्य घ्यावा. आपल्या पाणंदीला कदाचित नव्या मुरुमाची गरजच नसेल. जो मुरूम दोन वर्षांपूर्वी पडला, त्यातला बराचसा आजही तिथेच आहे. तो चाकांनी दोन्ही कडांना ढकलला गेला, त्यावर गवत उगवले आणि मधला भाग खोलगट झाला. पावसाचे पाणी कडेला जाण्याऐवजी रस्त्याच्या मधूनच वाहू लागले. तो मुरूम कडेवरून ओढून पुन्हा मध्यभागी आणणे आणि रस्त्याला माथा देणे, म्हणजे मध्य उंच ठेवून दोन्ही कडांना उतार देणे, हे ग्रेडरचे मूळ काम आहे, आणि जेसीबीच्या बकेटने ते नीट होत नाही.

ट्रॅक्टरच्या मागे बसवायची लेव्हलरची फळी बहुतेकांकडे असते, मग हा अवजड ग्रेडर कशाला, असे आपल्या भागीदारांपैकी कोणी विचारील, आणि तो प्रश्न योग्यही आहे. फळी ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांच्याही मागे लटकत असते. मागचे चाक दहा सेंटिमीटरच्या खड्ड्यात उतरले की फळी पूर्ण दहा सेंटिमीटर, किंबहुना थोडी जास्तच, खाली जाते, आणि पुढचे चाक उंचवट्यावर चढले तरीही ती खालीच रुतते. त्यामुळे जुन्या खड्ड्यांची प्रत नव्या जागी उमटत राहते. ओढीच्या ग्रेडरचे पाते पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधे टांगलेले असते. पुढचे चाक दहा सेंटिमीटर उचलले गेले तर पाते साधारण त्याच्या निम्मेच उचलले जाते, आणि दर फेरीला हा फरक आणखी कमी होत जातो. सुताराचा लांब रंधा आखूड रंध्यापेक्षा फळी अधिक सरळ करतो, तसेच हे आहे. दोन चाकांच्या जोड्यांमधील हे लांब अंतर हीच त्या जुन्या यंत्राची खरी किंमत आहे आणि ते गंजत नाही.

घेण्यापूर्वी ग्रेडर नीट तपासावा. प्रथम त्याचे वजन करून घ्यावे. आपल्याकडे वजनकाटा शोधायला दूर जावे लागत नाही. सांगाड्याच्या दोन्ही बाजूंनी दोरी ताणून तो पिळला गेला आहे का ते पाहावे. पिळलेला सांगाडा सरळ करणे खर्चिक असते, आणि तसे असेल तर सौदा सोडून द्यावा. त्यानंतर पात्याच्या खालच्या कडेचे निरीक्षण करावे. पात्याला खाली कठीण पोलादाची वेगळी पट्टी बोल्टने बसवलेली असते आणि झिजल्यावर ती बदलायची असते. मात्र अनेक मालकांनी ती वेळेवर बदललेली नसते, आणि मग झीज मूळ पात्यापर्यंत पोहोचते. मूळ पाते खाल्ले गेले असेल तर बोल्टची भोकेच उरत नाहीत आणि नवी पट्टी बसवणे कठीण होते. पट्टी नवी घ्यायची तर मोटर ग्रेडरच्या पट्ट्या बाजारात मिळतात. त्या लांबीला कापून भोके जुळवून घेता येतात, पण त्यासाठी भोकांमधील अंतर आधी मोजून नेले पाहिजे. बोल्ट चौकोनी मानेचे आणि बुडत्या डोक्याचे असावेत, म्हणजे त्यांचे डोके पट्टीत बुडते आणि घासून तुटत नाही.

पाते ज्या मोठ्या कड्यावर फिरते ते कडे, पाते उचलणारे दांडे आणि त्यांच्या टोकांचे गोळ्या-वाटीसारखे सांधे हे सर्व हलवून पाहावे. तिथे जितकी ढिलाई, तितकी पात्याची थरथर आणि तितक्या रस्त्यावर लाटा. ही ढिलाई मात्र दुरुस्त होते. कोल्हापूर हे ओतकामाचे आणि लेथचे गाव आहे. उद्यमनगरात गनमेटलचे बूश वळवून घेता येतात, आणि हातचाकामागचा वर्म गिअर तुटला असेल तर जुन्या नगावरून नमुना करून नवा ओतून घेता येतो. आठ-नऊ दशके जुने यंत्र पुन्हा उभे करण्याची इतकी सोय सर्वत्र नसते आणि तिचा उपयोग करून घ्यावा, असे मला मनापासून वाटते. हातचाके अडकली असतील तर त्यांच्यावर घण मारू नये, कारण ओतीव बिडाचे आरे तडकतात. सांध्यांत डिझेल आणि तेल सोडून दोन-तीन दिवस मुरू द्यावे, मग थोडी ऊब देऊन हलक्या हाताने पुढे-मागे करावे.

चाके लोखंडी धावेची असतील तर ग्रेडर डांबरी रस्त्यावरून ओढत आणू नये. ट्रेलरवर चढवून आणावा. पाणंदीवर लोखंडी चाके वाईट नसतात आणि पाते स्थिर ठेवण्यास उलट मदतच करतात. नेहमी डांबरी रस्त्यावरून ने-आण होणार असेल तर रबरी टायर बसवावेत, आणि चारही टायरांत हवा सारखी व घट्ट ठेवावी. टायर मऊ असले की यंत्र झुलते आणि पाते उड्या मारते.

आता वापराविषयी. आपला ५० अश्वशक्तीचा ट्रॅक्टर आठ फुटी पात्याने देखभालीचे हलके कातरकाम करील. पूर्ण पाते भरून खोल चर काढण्याची अपेक्षा त्याच्याकडून ठेवू नये. ओढ प्रामुख्याने ट्रॅक्टरच्या वजनावर अवलंबून असते, अश्वशक्तीवर नव्हे. मागच्या चाकांना वजने लावावीत किंवा टायरांत पाणी भरावे, आणि चाके घसरू लागली की पाते थोडे उचलावे. एका फेरीत दहा सेंटिमीटर कापण्याच्या हट्टापेक्षा तीन सेंटिमीटरच्या तीन फेऱ्या केव्हाही चांगल्या.

या यंत्राला दोन माणसे लागतात. ट्रॅक्टरवर बसलेला माणूस फक्त ओढतो. मागच्या फळीवर उभा राहून डाव्या-उजव्या हातचाकांनी पात्याची दोन टोके वर-खाली करणारा माणूस रस्ता घडवतो. म्हणून अनुभवी आणि शांत माणूस मागे ठेवावा, आणि थांबण्याच्या व चालण्याच्या हातखुणा आधी ठरवून घ्याव्यात. ट्रॅक्टरच्या आवाजात हाक ऐकू येत नाही. मागे उभा असलेल्याला धरण्यासाठी भक्कम कठडा हवा, हुकाची पिन निसटू नये म्हणून तिला खालून चाप हवा, आणि यंत्र चालू असताना त्यावर किंवा त्याच्या आसपास मुले नकोत. पाते समोरून येणाऱ्याला दिसते, पण बाजूने जाणाऱ्याच्या घोट्याजवळ असते.

पाते रस्त्याला आडवे सरळ न ठेवता ३० ते ४५ अंशांनी तिरके वळवावे. सरळ पाते मुरूम पुढे ढकलत नेते आणि ढीग साचवते. तिरके पाते तोच मुरूम लोळवत एका बाजूला सोडते. लोळताना खडी आणि बारीक माती एकमेकांत मिसळतात आणि थर एकजीव होतो, हा त्यातला मोठा फायदा आहे. ४५ अंशांत वळवलेले आठ फुटी पाते सुमारे १.७ मीटर रुंदी घेते, म्हणजे आपल्या तीन मीटर पाणंदीच्या निम्म्याहून थोडे अधिक. पहिल्या फेरीत पात्याचे पुढचे टोक कडेच्या गवताच्या बांधाखाली घालून तिथला साठलेला मुरूम मध्याकडे ओढावा. परतीच्या फेरीत दुसऱ्या कडेचा तसाच आणावा. गवताची ढेकळे हाताने वेचून फेकावीत, ती मुरुमात राहिली तर तिथेच पुढचा खड्डा पडतो. तिसऱ्या आणि चौथ्या फेरीत मध्यावर आलेली मुरुमाची वरंब दोन्हीकडे पातळ पसरावी. कडेला मुरुमाची बारीक रांग मुळीच सोडू नये. चार बोटे उंचीची ती रांगसुद्धा पाणी रस्त्यावर अडवून धरते.

वेग माणसाच्या झपाझप चालीइतका, ताशी पाच ते आठ किलोमीटर असावा. त्याहून जोरात गेल्यास पाते उसळते आणि आपण स्वतःच रस्त्यावर लाटा पाडून ठेवतो.

किती उतार द्यायचा, हे डोळ्यांनी ठरवू नये. मुरुमाच्या रस्त्याला मध्यापासून कडेकडे शेकडा चारचा उतार पुरेसा असतो. आपली पाणंद तीन मीटरची म्हणजे अर्धी रुंदी दीड मीटर, तेव्हा कड मध्यापेक्षा सहा सेंटिमीटर खाली हवी. दीड मीटर लांबीची सरळ फळी घ्यावी, तिच्या एका टोकाखाली सहा सेंटिमीटरचा ठोकळा पक्का करावा, ठोकळ्याचे टोक कडेला आणि दुसरे टोक मध्यावर ठेवावे आणि फळीवर पाणसळ ठेवावी. बुडबुडा मधे आला की उतार बरोबर झाला. दर वीस-पंचवीस मीटरवर ही फळी टेकवून पाहण्यास दोन मिनिटे लागतात. उतार याहून कमी असेल तर पाणी मुरते, आणि फार जास्त असेल तर उसाच्या ट्रॉल्या कलतात म्हणून सगळेजण रस्त्याच्या मधूनच चालतात आणि तिथे पुन्हा चाकोरी पडते.

वेळ निवडणे हे निम्मे काम आहे. कोरड्या, घट्ट झालेल्या मुरुमावर पाते नुसते घासते आणि धूळ उडते. चिखलात ते सगळे कालवून टाकते. शेतकऱ्याला वाफसा समजावून सांगण्याची गरज नाही. नांगरटीला जो वाफसा लागतो, जवळजवळ तोच मुरूम कातरायला लागतो. आपल्याकडे तो वर्षातून दोनदा मिळतो : मे महिन्यात वळवाचे दोन-तीन पाऊस झाल्यावर, आणि दसऱ्यानंतर रस्त्यात ओल शिल्लक असताना. दसऱ्यानंतरची वेळ अधिक महत्त्वाची, कारण त्यानंतर गळीत हंगाम सुरू होतो आणि भरलेल्या ट्रॉल्यांखाली रस्ता जसा असेल तसाच दबून जातो. हंगामाआधी आकार दिला तर त्याच ट्रॉल्या रोलरचे काम करतात. मात्र पहिले आठ दिवस त्या एकाच चाकोरीतून न नेता आलटून पालटून थोड्या डाव्या-उजव्या बाजूने नेण्याचे सर्वांनी ठरवले पाहिजे. रोलर भाड्याने मिळाला तर उत्तमच.

ओढीचा ग्रेडर वळवायला बरीच जागा लागते आणि तो मागे ढकलणे जवळजवळ अशक्य असते. पाणंदीच्या शेवटी ज्या शेतकऱ्याचे रान मोकळे असेल, त्याची परवानगी आधीच घेऊन ठेवावी. ऊस उभा असताना ही अडचण आयत्या वेळी ध्यानात येते आणि दिवस वाया जातो.

शेवटचा मुद्दा ग्रेडरच्या आवाक्याबाहेरचा आहे, पण तो सोडला तर बाकी सर्व श्रम व्यर्थ जातात. ऊसपट्ट्यातील पाणंदी पावसाने जितक्या बिघडतात, तितक्याच पाटाच्या पाण्याने बिघडतात. पावसाळा चार महिन्यांचा असतो, पाटपाणी वर्षभर चालते. रस्ता ओलांडणारा प्रत्येक पाट पाइपातून न्यावा, पाइपावर किमान ३० ते ४५ सेंटिमीटर मुरूम असावा, आणि रस्त्याकडेच्या शेतकऱ्याने सरीचे शेवटचे पाणी चरात सोडू नये. कडेच्या चराचा तळ रस्त्याच्या कडेपेक्षा किमान ३० सेंटिमीटर खोल ठेवावा आणि ते पाणी ओढ्यापर्यंत पोहोचवावे. हे पाणी कोणाच्या रानात सोडायचे, यावरून भावकीत वाद होतात. म्हणून ग्रेडर आणण्यापूर्वी ग्रामपंचायतीत सर्वांच्या सह्यांनी ते ठरवून घ्यावे. पाणंदीच्या हद्दीचा वाद असेल तर मोजणी आधी, पाते नंतर.

एवढे करूनही जिथे मुरूम खरोखर कमी पडेल, तिथे हिशेब सोपा आहे. तीन मीटर रुंद, एक किलोमीटर लांब रस्त्यावर दाबून पाच सेंटिमीटरचा थर द्यायचा तर १५० घनमीटर, म्हणजे सुमारे ५३ ब्रास भरीव मुरूम लागतो. सैल मुरूम दबतो, म्हणून चौथा हिस्सा अधिक धरावा. मुरूम उचलण्यासाठी गौण खनिजाची परवानगी तहसील कार्यालयातून घ्यावी लागते, ती टाळू नये.

प्रश्न : माझे कोल्हापुरात फॅब्रिकेशनचे छोटे वर्कशॉप आहे. एका गिऱ्हाइकाने ओढीचा जुना ग्रेडर दुरुस्तीला आणला आहे. त्याची चाके उभी राहत नाहीत, एका दांड्याने सगळी एकदम एका बाजूला कलतात. आस वाकला असावा असे वाटून मी ती सरळ करून वेल्डिंग करणार होतो, पण गिऱ्हाईक म्हणते की ती तशीच असावीत. खरे काय?
— एक वाचक, उद्यमनगर, कोल्हापूर

उत्तर : आपले गिऱ्हाईक बरोबर सांगत आहे आणि आपण वेल्डिंगपूर्वी विचारले हे फार चांगले झाले. ती चाके मुद्दाम कलती केलेली आहेत, आणि ग्रेडरच्या इतिहासातील ही एक मोठी सुधारणा आहे.

पाते तिरके असते, म्हणून ते माती एका बाजूला लोटते आणि मातीही तितक्याच जोराने यंत्राला विरुद्ध बाजूला लोटते. माती उजवीकडे पडत असेल तर ग्रेडर डावीकडे सरकू पाहतो. चाके उभी असतील तर हा आडवा रेटा झेलण्यासाठी यंत्र फार जड करावे लागते, नाहीतर ते फरपटत कडेच्या चरात जाते. अमेरिकेतील इंडियाना राज्यातल्या जोसेफ ॲडम्स यांनी १८८५ मध्ये कलत्या चाकांच्या ग्रेडरचे पेटंट घेतले आणि हा प्रश्न वजन न वाढवता सोडवला. कलते चाक ज्या बाजूला कलते त्याच बाजूला वळू पाहते. सायकल झुकवली की ती त्या बाजूला वळते, तसे. चाकांचा माथा माती पडते त्या बाजूला कलवला की चाकांची ओढ आणि मातीचा रेटा एकमेकांना तोलतात आणि यंत्र सरळ चालते. वापरताना हाच नियम लक्षात ठेवायचा : माती उजवीकडे पडत असेल तर चाकांचे माथे उजवीकडे, डावीकडे पडत असेल तर डावीकडे.

ही यंत्रे आधी घोडे व खेचरे ओढत, नंतर साखळीपट्ट्यांचे ट्रॅक्टर ओढू लागले. मिनियापोलिसची रसेल ही ग्रेडर बनवणारी कंपनी कॅटरपिलरने १९२८ मध्ये विकत घेतली आणि १९३१ मध्ये इंजिन, चालक आणि पाते एकाच सांगाड्यावर असलेला 'ऑटो पट्रोल' बाजारात आणला. तिथून ओढीच्या ग्रेडरचे दिवस सरत गेले. पण कलती चाके टिकली : आज कोणत्याही महामार्गाच्या कामावर उभा असलेला मोटर ग्रेडर पाहिला तर त्याची पुढची चाके अशीच कलताना दिसतील.

दुरुस्ती करताना चाके कलवणारा दांडा, त्याचा वर्म आणि प्रत्येक चाकाच्या बुडाची खीळ मोकळी करून ग्रीस भरावे. चारही चाके सारखीच कलतात का, हे प्रत्येक चाकाला ओळंबा लावून तपासावे. एखादे चाक कमी कलत असेल तर त्याच्या खिळीत झीज आहे, तिथे बूश घालावा. एवढ्या जुन्या भागांत ओतीव बीड आणि ओतीव पोलाद दोन्ही असतात. बीड असेल तर साध्या वेल्डिंग रॉडने टाका मारू नये. आधी कानशीने घासून धातू ओळखावा.

प्रश्न : पन्हाळा तालुक्यात डोंगरउतारावर आमचे घर आहे. डांबरी रस्त्यापासून घरापर्यंत सुमारे दीडशे मीटरची चढाची वाट जांभ्याच्या मुरुमाची आहे. दर पावसाळ्यात तिच्यात ओघळी पडतात. शेजारच्या गावात ओढीचा ग्रेडर आहे. तो भाड्याने आणून वाट सारखी करून घेता येईल का?
— एक वाचक, पन्हाळा तालुका

उत्तर : आपल्या वाटेसाठी मी ग्रेडर सुचवणार नाही. ओढीच्या ग्रेडरला स्वतःचे ब्रेक नसतात. तीव्र उतारावर खाली येताना त्याचे सगळे वजन ट्रॅक्टरला मागून ढकलते, आणि हा धोका पत्करण्याइतके काम तिथे नाही. ट्रॅक्टरची फळी आणि चार माणसांची फावडी पुरेशी आहेत.

जांभ्याचा मुरूम उत्तम असतो. त्यात बारीक चिकटपणा असतो आणि दबला की तो घट्ट बसतो. पण पाणी वाटेच्या लांबीने धावू लागले की कोणताच मुरूम टिकत नाही. म्हणून पाण्याला दर काही अंतरावर वाटेबाहेर काढावे लागते. वाटेला तिरपा, सुमारे ३० अंशांचा, रुंद आणि उथळ आडवा चर काढून त्याच्या खालच्या बाजूला दाबून बसवलेला उंचवटा करावा. गाडीचा तळ घासणार नाही इतका तो पसरट असावा. चढ शेकडा पाच असेल तर असे चर सुमारे ४० मीटरवर, आणि शेकडा दहा असेल तर २५ मीटरच्या आत हवेत. प्रत्येक चराच्या तोंडाशी दगड रचावेत, म्हणजे बाहेर पडणारे पाणी उतार खणणार नाही.

जिथे चढ शेकडा दहापेक्षा जास्त आहे आणि गाडीची चाके घसरून मुरूम उडतो, तिथे मुरूम टाकत राहू नये. तेवढ्याच तुकड्यात चाकांखाली साधारण ६० सेंटिमीटर रुंदीच्या काँक्रीटच्या दोन पट्ट्या कराव्यात आणि मधे जांभ्याचे दगड बसवावेत. पन्हाळ्याच्या पावसात हेच शेवटी स्वस्त पडते.

प्रश्न : आमच्या गावचा मुरुमाचा रस्ता ग्रेडरने सारखा केला की आठवड्यात पुन्हा पत्र्यासारख्या लाटा उठतात. मालट्रक आणि दुचाक्या त्यावर थडथडत जातात. चूक ग्रेडरची की मुरुमाची?
— एक वाचक, शिरोळ तालुका

उत्तर : बहुतेक दोन्हींची, पण मुरुमाची अधिक. कोरड्या हवेत, जोराने जाणाऱ्या वाहनांखाली, चिकटपणा नसलेला मुरूम चाकांच्या उसळीने थोडा-थोडा उडतो आणि लाटा तयार होतात. वळणाजवळ, चढाच्या पायथ्याशी आणि जिथे वाहने ब्रेक लावतात तिथे त्या आधी दिसतात. आपल्या जिल्ह्यात हवामानाचा फरक मोठा आहे. गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, तर शिरोळमध्ये पाचशेच्या आसपास. आपला रस्ता वर्षातील बहुतेक काळ कोरडाच असतो, म्हणून त्याला बांधून ठेवणाऱ्या मातीची गरज अधिक आहे.

ग्रेडर चालवणारा बहुधा लाटांचे माथे कापून खोलगटात भरतो. वरून रस्ता गुळगुळीत दिसतो, पण खाली जुनी घट्ट लाट तशीच असते आणि सैल भर त्याच जागी पुन्हा उडते. लाटेच्या तळापेक्षा निदान दोन सेंटिमीटर खाली कापले पाहिजे. ओढीच्या ग्रेडरला उकरण्याचे दात नसतील तर आधी टँकरने पाणी मारून ट्रॅक्टरच्या कल्टिव्हेटरने वरचा थर उकरावा, मग तिरक्या पात्याने दोन-तीनदा लोळवून मिसळावा, पसरावा आणि ओला असतानाच दाबावा.

मुरूम तपासण्याची घरगुती रीत अशी : वरचा मूठभर मुरूम ओला करून मुठीत दाबावा. मूठ उघडल्यावर गोळा टिकला आणि तळहाताला थोडा डाग लागला तर मुरूम योग्य आहे. गोळा लगेच फुटला तर त्यात चिकटपणा नाही. कणकेसारखा चिकटून राहिला तर माती फार झाली आहे आणि पावसाळ्यात चिखल होईल. पृष्ठभागाच्या थरात खडी वीस-पंचवीस मिलिमीटरपर्यंतची असावी, वाळूसारखा भाग असावा आणि अगदी बारीक माती शेकडा आठ ते पंधरा असावी. आपल्याकडे चिकटपणा कमी पडत असेल तर लालसर चिकण मुरूम थोडा आणून पात्याने मिसळावा. त्यासाठी शेजारच्या रानातली काळी माती उचलू नये. ती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरात आपल्या तालुक्यातील अनेक रस्ते पाण्याखाली होते. तसा आपलाही रस्ता बुडाला असेल आणि त्या वेळी बसलेला गाळ खरवडून बाहेर न काढता ग्रेडरने मुरुमातच मिसळला गेला असेल, तर वर सांगितलेल्या मुठीच्या परीक्षेत तो कळेल : गोळा टिकतो, पण वाळल्यावर पिठासारखा फुटतो. अशा ठिकाणी वरचा पाच-सात सेंटिमीटर थर पात्याने पूर्ण कडेला काढून तो शेतात टाकावा आणि तेवढा नवा मुरूम भरावा. शेताला तो गाळ उपयोगीच पडतो.